मन्मथचा आवाज

मन्मथचा सिनेमा टीव्हीवर लागला की मी आवाज बंद करतो. घरातले वैतागतात. आवाज बंद करून कुणी विनोदी सिनेमा बघतं का, म्हणतात. मी म्हणतो, ऐकायचाच असेल तर शेजारी जाऊन बसा. अख्खी जिंदगी मी ताडकळसला आणि आसपासच्या गावांत माईक आणि कर्णे लावायचा धंदा केला. लग्न, सप्ता, सभा, सगळ्याला माझंच मशीन. आवाज कधी चालू ठेवायचा आणि कधी बंद करायचा, एवढं तरी मला कळतं. निदान कळायला पाहिजे होतं.

पडद्यावर जो गोल तोंडाचा, डोळे मिचकावणारा माणूस दिसतो, कधी हॉटेलवाला, कधी हवालदार, कधी हिरोचा मामा, तो आमच्या बाजारातल्या किराणा दुकानाचा मन्मथ. लिंगायत वाण्याचं घर, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. वडील लवकर गेले. घरात आई गौराकाकू, हा आणि एक धाकटा भाऊ. नाव मन्मथ म्हणजे साक्षात कामदेव, आणि रूप म्हणाल तर देवानं घाईत उरकलेलं. त्याला चिडवलं तर तो म्हणायचा, "नाव ठिवताना गार हवा व्हती. माझं तोंड धडप्यात गुंडाळलेलं व्हतं." केस तेवढे देवानं मन लावून दिले होते, दाट कुरळे. त्यांना तो कुणाला हात लावू द्यायचा नाही.

दुकानात गिऱ्हाईक आलं की साखर तोलता तोलता मन्मथ त्याचा आवाज उचलायचा. 'उचलणं' हा त्याचाच शब्द. नक्कल म्हटलेलं त्याला खपत नसे. "नक्कल माकडं करत्यात. मी आवाज उचलतो, वापरतो आन जाग्यावर ठिवतो." नाकात बोलणारी मास्तरीणबाई, गुळाचा खडा गालात धरून बोलणारे एक पाटील, चुडावा स्टेशनावरचा चहावाला, ज्याचं 'चाय गरम' गाडी हलल्यावरच सुरू व्हायचं. ही सगळी माणसं मन्मथच्या गळ्यात बिऱ्हाड करून होती. गणपतीत, शाळेच्या गॅदरिंगला, जत्रेत तो एकटा स्टेजवर उभा राहायचा आणि दीड दोन तास अख्खं गाव उभं करायचा. ना पेटी, ना तबला, ना साथीला कुणी. मी माईकचं बटन धरून खाली बसलेलो असायचो आणि हसून माझीच बोटं हलायची.

त्याचा एक कायदा होता. ज्याचा आवाज उचलायचा त्याला आधी घरी जाऊन विचारायचं, आणि कार्यक्रमाला त्याला पहिल्या रांगेत खुर्ची. एरवी गाव सतरंजीवर, पण ही आठ दहा माणसं खुर्चीवर. माणसं त्या खुर्चीसाठी रुसायची. एक म्हातारा तर दोन वर्षं माझ्यामागं लागला होता, "बाबू, त्याला सांग की माजा आवाज उचल मनून." मी मन्मथला सांगितलं. तो म्हणाला, "त्याच्या आवाजात काय न्हाई रे. पर देऊ एक खुर्ची, मरंल बिचारा."

आणि एक माणूस असा होता की ज्याच्यापुढं मन्मथची कला चालायची नाही. गौराकाकू. त्यांची नजर काचबिंदूनं गेलेली. दुकानाच्या आतल्या उंबऱ्यावर बसून त्या शेंगा फोडायच्या. मन्मथ मागच्या दारानं जायचा आणि पुढून गिऱ्हाईक होऊन यायचा. कधी पाटील, कधी मास्तरीणबाई. "अदपाव चापत्ती द्या वो." मी सामील असायचोच. "या पाटील, बसा," म्हणून साथ द्यायचो. काकू शेंग फोडता फोडताच म्हणायच्या, "मन्या, पुरं कर, गिऱ्हाईक ताटकळलंय." एकदा मी हट्टानं विचारलं, तुम्हाला कळतं कसं? तर म्हणाल्या, "ज्या तोंडानं मला पयल्यांदा माय मनलं, त्या तोंडाचा बोल कळत न्हाई व्हय?" मन्मथ हे ऐकून खोटं खोटं कपाळ बडवून घ्यायचा. मनातून मात्र त्याला लय आवडायचं. पन्नास गावं फसतात आणि एक बाई फसत नाही, याचा त्याला गर्व होता.

मग ते अठ्ठ्याहत्तर साल आलं. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला. त्याआधी मन्मथचा एक आयटम होता, सभेचा. शेजारच्या गावच्या बौद्ध वस्तीतला किसन विद्यापीठाचं नाव बदला म्हणून भाषण करायचा. काय खणखणीत आवाज होता त्याचा, माझे कर्णे त्याच्यापुढं फिके पडायचे. मन्मथनं रीतसर विचारून तो उचलला होता. किसन पहिल्या खुर्चीत बसून स्वतःचंच भाषण ऐकायचा आणि पोट धरधरून हसायचा. त्या पावसाळ्यात किसनच्या वस्तीतली घरं जळाली. कुणी जाळली ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. किसन बायकापोरं घेऊन निघून गेला.

पुढं महिना दीड महिन्यात गणपती. त्याच गावाचं बोलावणं. मी कर्णे बांधले, मन्मथ स्टेजवर गेला. पहिल्या रांगेत त्यानं नेहमीसारख्या खुर्च्या मांडायला लावल्या होत्या. एक रिकामी. मंडळाचा अध्यक्ष तिथं बसायला निघाला तसा मन्मथ माईकवर म्हणाला, "ती किसनची खुर्ची हाय. त्याला येऊंद्या. तवर मी बी बसतो." आणि खरोखर स्टेजवर मांडी घालून बसला. गप्प. लोकांना आधी वाटलं हा विनोदच आहे, हसले. मग हसणं थांबलं. मग आरडाओरडा सुरू झाला. मन्मथनं पुन्हा तोंड उघडलं, "ज्यांनी त्याचं घर," एवढंच म्हणाला, तोवर अध्यक्षानं मला हातानं खूण केली. मी बटन बंद केलं.

केलं बंद. गाव त्यांचं होतं, सामान माझं होतं, मी घाबरलो. परत येताना बैलगाडीत मन्मथ कर्ण्यांना टेकून बसला. मग म्हणाला, "बाबू, तुजं चुकलं आसं मी मननार न्हाई. पर बटन दाबायच्या आदी एकडाव माज्याकडं बगायचं व्हतंस." मला आजही ते वाक्य जसंच्या तसं ऐकू येतं. किसनचा आवाज त्यानं पुन्हा कधी काढला नाही. कुणी फर्माईश केली तर सांगायचा, "वापस केला त्यो."

सिनेमाचं झालं ते येलदरीच्या धरणावर. तिथं गाण्याचं शूटिंग होतं, आणि कर्ण्यावर गाणं वाजवायला मला बोलावलं होतं. मन्मथ दुकान भावावर टाकून माझ्याबरोबर आला. डायरेक्टर भोंग्यातून ओरडत होता. तिसऱ्या दिवशी गाणं रंगात आलेलं, हिरोईन धावत निघालेली, आणि कुठून तरी डायरेक्टरचा आवाज आला, "कट." सगळं थांबलं. डायरेक्टर चहा पीत बसला होता. त्याच्याच तोंडचा चहा सांडला. शोधाशोध झाली तेव्हा मन्मथ हात जोडून पुढं गेला. "आवाज तुमचा हाय साहेब. न इचारता उचलला. चुकलं." डायरेक्टर आधी रागानं बघत राहिला आणि मग इतका हसला की खाली बसला. महिनाभरात मुंबईहून पत्र आलं.

मन्मथ आईला विचारायला गेला. काकू म्हणाल्या, "जा. पर मला डोळे न्हाईत. मला ऐकू यील आसं काम कर." तो म्हणाला, "माय, तुला ऐकवल्याबिगर सिनेमा सिनेमा मननार न्हाई." एवढं वचन देऊन तो चुडाव्याहून गाडीत बसला.

पहिला सिनेमा दीड वर्षानं आमच्या तंबूतल्या टॉकीजला लागला. मन्मथ मुद्दाम आला होता. गावानं त्याला हार घातले. दुपारी तो माझ्या दुकानात येऊन बसला आणि शटर अर्धं खाली ओढलं.

"बाबू, त्याच्यात माजा आवाज न्हाई."

मला कळेना. मग त्यानं सांगितलं. शूटिंगला हा बोलला तो याच्याच बोलीत. नंतर डबिंगला बोलावलं तर काचेपलीकडचा साहेब म्हणाला, 'करायलाय' म्हणजे काय? 'जायलाय' म्हणजे काय? पुण्यामुंबईचे लोक हसतील. "मी मनलो, साहेब, हसावं मनूनच घेतलाव न्हवं मला?" पण त्यांनी दुसरा माणूस आणला. त्यानं मन्मथच्या तोंडात आपले शब्द भरले, स्वच्छ, गुळगुळीत. "मला कुनी इचारलं बी न्हाई," मन्मथ म्हणाला. "आन आता माय सातच्या खेळाला येनार हाय."

मग आम्ही जे केलं ते गावात अजून सांगतात. पडद्याच्या मागं मी माझा माईक लावला. मन्मथ तिथं उभा, पडदा उलटा बघत. टॉकीजच्या ऑपरेटरला पढवलं की मन्मथचं तोंड हललं की आवाज पाडायचा, मिटलं की वाढवायचा. तंबू खच्चून भरलेला. काकू बायकांत पुढं बसल्या होत्या, नवं लुगडं नेसून. मन्मथ पडद्यावर आला आणि पडद्याआडून आमच्या बोलीत म्हणाला, "कामून वरडायलाव वो, च्या घेता का न्हाई?" तंबू नुसता फुटला. लोकांना सगळं उमगलं होतं आणि कुणी एका शब्दानं बोललं नाही. मध्ये एकदा ऑपरेटरचा हात चुकला आणि दोन्ही आवाज एकत्र आले. काकूंनी विचारलं, "ह्यो मदीच दुसरा कोन बोलायलाय?" शेजारची बाई म्हणाली, "त्यो हॉटेलातला नोकर हाय." काकूंना पटलं. खेळ सुटल्यावर त्या म्हणाल्या, "मुंबईचे लोक बी आपल्यावानीच बोलायलेत की. मला वाटलं व्हतं लय येगळं आसंल." मन्मथ त्यांचा हात धरून चालत होता. मला त्या दिवशी वाटलं, जिंकलो आपण.

ते खरं नव्हतं. पुढं त्यानं पुष्कळ सिनेमे केले आणि प्रत्येकात आवाज त्याच डबिंगवाल्या माणसाचा. लोकांच्या कानात तो आवाज या तोंडाला चिकटून बसला. तंबू काही पुन्हा आमच्या गावी आला नाही, त्यामुळं काकूंना दुसरा सिनेमा ऐकायला मिळाला नाही. पण बाहेर काय चाललंय ते मला एकदा परभणीत दिसलं. मोठा कार्यक्रम होता, सिनेनट म्हणून मन्मथला बोलावलेलं, माईक माझा. तो आपल्या आवाजात सुरू झाला, तेच पाटील, तोच चहावाला. दहा मिनिटांत मागून लोक ओरडायला लागले, "तुमच्या खऱ्या आवाजात बोला. सिनेमातल्या." मन्मथ म्हणाला, "ह्यो माजाच हाय की." लोक हसले. त्यांना वाटलं खेडवळ माणसाची नक्कल करतोय. मग कुणीतरी चप्पल दाखवली. मन्मथनं माझ्याकडं बघितलं. मी बटनावरचा हात काढून घेतला होता, पण आता बटनाचा काही उपयोग नव्हता.

त्यानंतर तो मुंबईत त्या डबिंगवाल्याला शोधत गेला. हे त्यानंच मला सांगितलं. एका चाळीत राहणारा साधा, भला माणूस. दोघं एकत्र जेवले. मन्मथनं त्याला त्याच्या कायद्याप्रमाणं विचारलं, "तुमचा आवाज उचलू का?" तो माणूस म्हणाला, "घ्या की. आता तो तुमचाच आहे." मन्मथनं त्यालाही पहिली खुर्ची देऊ केली होती. तो कधी आला नाही.

तेव्हापासून स्टेजवर मन्मथ त्या आवाजात बोलायचा. टाळ्या आधीपेक्षा जास्त पडायच्या. गावोगाव कार्यक्रम, मुलाखती, उद्घाटनं, सगळीकडं तोच आवाज. गावी यायचं कमी झालं. आधी दिवाळीला चुकला, मग भावाच्या मुलाच्या बारशाला. मला राग यायचा. मी एकदा पत्रात लिहिलंही, की लेका, माय वाट बघायलीय. उत्तर आलं नाही. त्यानंतर तो घरी दोनदाच आला. दुसऱ्यांदा आला तो काकूंच्या मातीला, आणि तेव्हा त्यानं तोंडातून शब्द काढला नाही. म्हणून माझ्या लेखी शेवटचा मन्मथ तो त्याच्या आधीचा, चौऱ्याण्णवच्या जानेवारीतला.

त्या महिन्यात विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला होता. बंदोबस्तामुळं एस.टी. बंद. मन्मथचा कार्यक्रम पूर्णेला होता, माईक माझा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला फटफटीवर मागं बसवलं आणि म्हणालो, चल, आज काकूंना भेटल्याशिवाय सोडत नाही. चार वर्षं झाली होती. अंग सुटलं होतं, केस सगळे गेले होते. वाटेनं तो बोलत होता. "किसनला बातमी कळली असेल का रे? कुठे असतो हल्ली, काही कळलं का?" मला बरं वाटलं की आठवण आहे. पण कानाला खटकत होतं.

मी म्हणालो, "मन्या, आता सोड की त्यो आवाज. हितं कोन हाय ऐकायला?"

मागून तोच गुळगुळीत आवाज आला, "सोडलाय की. मी माझ्याच आवाजात बोलतोय."

मी फटफटी थांबवायला पाहिजे होती. त्याला शेतात उभं करून सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. वाटलं, घर दिसलं की येईल आपोआप.

दार उघडंच होतं. भाऊ दुकानात, भावजय शेतात. काकू ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या, वयानं निम्म्या झालेल्या. मन्मथ दारातूनच म्हणाला, "आई, मी आलो."

काकूंनी पदर डोक्यावर ओढला. परक्या पुरुषापुढं ओढतात तसा. "कोन पायजे तुमाला? मन्मथ न्हाई घरी. मुंबईला असतोय त्यो. बाबू, तुजी फटफटी वाजली, कुनाला आनलंस?"

मी म्हणालो, "काकू, मन्मथच हाय."

काकू हसल्या. "तुजी खोड काय गेली न्हाई. आदी दोगं मिळून फसवायचाव, आता बाहेरून मानसं धरून आनायलास व्हय?"

मन्मथच्या तोंडावरचं पाणी पळालं. त्यानं घसा खाकरला. डोळे मिटले, हनुवटी छातीला टेकवली. कुणाचा आवाज उचलायच्या आधी तो असंच करायचा, मी हजारदा बघितलं होतं. मग तो म्हणाला, "माय. मी हाय. मन्या."

त्याचाच आवाज होता. देवाशपथ, मला तरी त्याचाच वाटला. माझा जीव भांड्यात पडला.

काकू कान देऊन ऐकत होत्या. त्यांनी मान डोलावली. "लय छान उचललाव. सिनेमातलेच दिसायलाव तुमी, त्यानंच शिकवलं आसंल. पर थोडा कमी पडायलाय."

मन्मथ खाली बसला आणि त्यानं काकूंच्या पायांवर डोकं ठेवलं. काकूंनी आशीर्वादाला हात पुढं केला. हात टकलावरून फिरला आणि तिथंच थांबला. "चांगलं व्हईल तुमचं," त्या म्हणाल्या, आणि हात काढून घेतला.

मी पुन्हा बोलायला गेलो. मन्मथनं माझं मनगट इतक्या जोरात दाबलं की मी गप्प बसलो. काकू भिंत धरून आत गेल्या, पाव्हण्याला देतात तसं गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी घेऊन आल्या. मन्मथनं गूळ खाल्ला, पाणी प्यायला. डोळ्यातलं पाणी हनुवटीवरून शर्टावर पडत होतं आणि तो तोंडातून आवाज निघू देत नव्हता.

"मुंबईला कव्हा जायलाव?" काकूंनी विचारलं.

मीच म्हणालो, "उद्या."

मग त्या पुन्हा आत गेल्या. डबे चाचपायचा आवाज येत होता. बाहेर आल्या त्या फडक्यात बांधलेली शेंगदाण्याची चटणी घेऊन. अंदाजानं त्यांनी ती पुढं धरली, मन्मथच्या थोडी डावीकडं. त्यानं सरकून ती दोन्ही हातांनी घेतली.

"त्याच्याच हातात द्या," काकू म्हणाल्या. "वाटंत तुमी संपवू नका. आन त्याला म्हनावं, एकदा यिऊन नुस्तं बोलून जा. बाकी मला काय नगं."

मन्मथ उठला. पुडकं छातीशी धरून दारात उभा राहिला. आणि मग त्या दुसऱ्या माणसाच्या आवाजात, एकही शब्द न अडखळता, म्हणाला, "सांगतो, काकू."